पांढरीचा इसार

भगवानरावांनी गाडीचे दात तेवढे बघितले नाहीत, बाकी सगळं बघून झालं होतं. बीडच्या त्या शोरूममधल्या चकचकीत फरशीवर पांढरी गाडी उभी होती. तिच्याभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चारी चाकं बघितली, दिव्यांसमोर उभं राहून तिच्या नजरेत नजर घातली आणि शेवटी सवयीनं तिच्या पाठीवर एक थाप मारली. थाप बसली की जनावर कातडी थरथरवतं, कान टवकारतं, मागचा पाय उचलतं, आणि जाणत्या माणसाला त्यातून पुष्कळ काही कळतं. गाडीनं काहीच केलं नाही.

"काका, जरा हळू. आत्ताच पॉलिश केलंय," शोरूममधला अंगद नावाचा विक्रेता म्हणाला. गळ्यात टाय, पायात टोकदार बूट आणि तोंडात खडीसाखर, असा हा पंचविशीतला माणूस.

भगवानराव ओशाळले. सत्तरीला आलेला माणूस, डोक्याला पांढरा पटका, कमरेला धोतर. एवढ्या काचेच्या घरात आधीच त्यांना कुठं उभं राहावं ते कळत नव्हतं.

आता हे भगवानराव म्हणजे साधी असामी नव्हे. दिंद्रुडच्या आसपासच्या दहा-पंधरा गावांत कुणालाही बैल घ्यायचा झाला की भगवानरावांना घेतल्याशिवाय माणूस बाजाराला निघत नसे. ते बैलाभोवती एक फेरी मारत, खांद्यावरून हात फिरवत, खूर बघत, अंगावरचे भोवरे मोजत, आणि मालकानं तेल लावून लपवलेली खोड बरोबर बोटानं दाखवत. नेकनूरच्या बाजारात त्यांना येताना बघून लबाड व्यापारी जनावराचं दावं सोडून दुसरीकडं नेत, असं लोक सांगतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण अगदीच खोटं नसावं.

मात्र गेल्या दहा वर्षांत भगवानरावांनी एकाही जनावरावर हात ठेवला नव्हता. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, असं ते विचारणाऱ्याला सांगत. खरं कारण त्यांच्याच घरात होतं आणि ते रोज सकाळी डबा घेऊन धारूरला बँकेत जात असे. शिवकन्या, त्यांची एकुलती एक लेक. दहा वर्षांमागं तिच्यासाठी आलेलं स्थळ बघायला ते स्वतः गेले होते, आणि परत येऊन ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरात खोड न्हाई." आठ महिन्यांनी शिवकन्या एक पिशवी घेऊन एकटीच एसटीनं परत आली. डाव्या कानानं तिला आजही कमी ऐकू येतं. ती बापाला एका शब्दानं बोलली नाही. अभ्यास केला, परीक्षा दिल्या, बँकेत लागली, आता शाखेची व्यवस्थापक झाली. आणि भगवानरावांनी पारख सोडली. बाजारात कुणी बोलावलं की गुडघा दुखतो म्हणायचे.

अशा माणसाला लेकीनं महिन्यामागं जेवता जेवता सांगितलं, "आप्पा, मला गाडी घ्यायचीय. दोन बघून ठेवल्यात. दोनीबी पेट्रोलच्या, दोनीबी डिक्कीच्या, किंमतबी सारखीच. माझं काय ठरंना. तुमी म्हणाल ती घेऊ."

भगवानरावांचा घास तोंडातच राहिला.

"मला काय कळतंय गाडीतलं?" ते म्हणाले.

"बघा की एकदा. तुमची नजर हाय."

कौशल्याबाई, त्यांची बायको, भाकरी थापता थापता थांबली आणि नवऱ्याकडं बघून पुन्हा थापायला लागली. त्या रात्री भगवानरावांना झोप लागली नाही. लेकीनं पुन्हा आपल्यावर भरवसा टाकला याचा आनंद होता, आणि भीती तर आनंदाच्या दुप्पट. पुन्हा चुकलो तर? गाडी रोज घाटातून जाणार. आत लेक बसणार.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माणसांना विचारायला सुरुवात केली आणि होता तेवढाही उजेड गेला. शेजारचा बंकट म्हणाला, "पेट्रोल कावून घेतावं? डिझेल घ्या की!" तेलगावच्या मेकॅनिकनं सांगितलं की आता डिझेलचं काही खरं नाही, पेट्रोलच बरं. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, पांढरीचं इंजिन थंड डोक्याचं, वर्षानुवर्षं कुरकुर करायचं नाही. दुसरा म्हणाला, निळीला टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय, असं भगवानरावांनी विचारल्यावर तो म्हणाला, "म्हंजे लई पळती." पांढरीला गिअर बदलावे लागत नाहीत, ते आपोआप पडतात, निळीला हातानं सहा टाकायचे. पांढरीचं मागचं आसन ऐसपैस, निळीचं छत उघडतं. छत कशाला उघडायचं, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. चावडीवर तर गाडीचा विषय बाजूला राहून बंकट आणि मेकॅनिकची हमरीतुमरी झाली आणि भगवानरावांनाच दोघांना आवरावं लागलं.

रात्री त्यांनी बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"पांढरी बरी. न्हाईतर निळी," कौशल्याबाई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तर अशी भंबेरी उडालेला माणूस आज त्या पांढऱ्या गाडीसमोर उभा होता. शिवकन्या तिकडं टेबलाशी बसून कसलेसे कागद बघत होती, आणि अंगद काही भगवानरावांना सोडायला तयार नव्हता. त्यानं दार उघडून त्यांना आत बसवलं. पटका छताला लागला नाही. त्यानं डिक्की उघडून दाखवली. दोन पोती सहज मावतील, असं भगवानरावांनी मनात धरलं. एअरबॅग किती, मायलेज किती, सर्व्हिसिंग किती किलोमीटरला, सगळं त्यानं एका दमात म्हणून दाखवलं. भगवानरावांनी खोड शोधायचा लई प्रयत्न केला. सापडेना. आणि खोड न सापडण्याचीच त्यांना आता धास्ती होती, कारण आयुष्यात एकदाच त्यांना खोड सापडली नव्हती असं सगळं गाव समजत होतं.

"काका, घरच्यासारखं सांगतो," अंगद जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मी वडवणीकडचा. तुमच्या लेकीला ही गाडी कधी दगा देणार न्हाई. माझी बहीण असती तर मी हीच दिली असती."

टायमधून आपल्याकडचा माणूस असा अचानक बाहेर आल्यावर भगवानराव विरघळले. महिनाभराचं ओझं एकदाचं उतरवून ठेवावं असं त्यांना झालं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, एकशे एक रुपये काढले, अंगदच्या तळहातावर ठेवले आणि दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटवली.

"शब्द दिला," ते म्हणाले.

"अहो काका, कशाला हे!" अंगद म्हणाला, पण पैसे त्यानं खिशात टाकले. थोड्या वेळानं सगळ्यांसाठी चहा आला. भगवानरावांनीही घेतला. चहा चांगला होता, आलं घातलेला. त्यांना हलकं वाटत होतं. इसार दिला की सौदा झाला. मग खुद्द राजा येऊन दुप्पट देतो म्हणाला तरी जनावर दुसऱ्याचं होत नाही आणि घेणाऱ्यालाही मागं फिरता येत नाही. बाजाराचा हा कायदा भगवानरावांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता.

शिवकन्या आली तेव्हा ते तिला सांगणारच होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "चला आप्पा, निळी बघून येऊ. समोरच हाय. मग ठरवू."

बघायला काय जातंय, असं म्हणून ते तिच्याबरोबर रस्ता ओलांडून गेले.

निळीच्या शोरूममधल्या माणसानं गाडी बाहेरच काढून ठेवली होती. शिवकन्या चालवायला बसली, तो माणूस शेजारी, भगवानराव मागं. गावातली गर्दी संपून रस्ता मोकळा झाला तसा त्या माणसानं सांगितलं, "मॅडम, आता दाबा."

शिवकन्यानं दाबलं. भगवानरावांची पाठ आसनाला चिकटली, पटका मागं सरकला, आणि पुढून एक आवाज आला. त्यांना आधी कळलंच नाही की आवाज कसला. शिवकन्या हसत होती. तोंड भरून, खिदळून. पाचवीत असताना बैलगाडीचा कासरा हातात मिळाला की अशी हसायची. ती हातानं गिअर टाकत होती, प्रत्येक गिअरला मान किंचित हलवत होती, आणि पुढच्या आरशात तिचे डोळे दिसत होते. दहा वर्षं घरात हा चेहरा नव्हता.

"आप्पा, कशी हाय?" तिनं ओरडून विचारलं.

"बेस हाय," भगवानराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसतात न पुसतात तोच त्यांना एकशे एक रुपये आठवले.

गाडी परत फिरली. डोक्यात नुसता कालवा चालला होता. लेकीला हवी ती निळी. शब्द गेला पांढरीला. सांगावं तर ती बापाचा शब्द राखायचा म्हणून निमूट पांढरी घेईल, एका शब्दानं बोलणार नाही. तिचा स्वभावच तसा. न सांगावं तर तो टायवाला वाट बघत बसेल.

आणि मग जे दहा वर्षं त्यांनी मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं ते वर आलं. खोड सापडली नव्हती, हे खोटं होतं. सापडली होती. फक्त सुपारी फुटल्यानंतर. लग्नाच्या याद्या करायला ते मुलाच्या घरी गेले होते. निघताना ओसरीवर चपला घालत असताना आत बघितलं, तर चहा गार झाला म्हणून त्या पोरानं कपबशी आईच्या अंगावर भिरकावली होती. आणि आई हसली होती. रोजचंच असल्यासारखी हसून ती तुकडे वेचायला बसली. भगवानराव सगळं समजले. जनावराचं एक पाऊल बघून समजणारा माणूस तो, हे समजणार नाही? पण शब्द गेला होता. चार माणसांत सुपारी फुटली होती, पत्रिका छापायला टाकल्या होत्या. ते चपला घालून निघून आले. कौशल्याबाईलासुद्धा बोलले नाहीत.

गाडी थांबली. "मी आलोच," म्हणून भगवानराव उतरले आणि भर उन्हात तरातरा रस्ता ओलांडायला लागले. मागून शिवकन्यानं हाक मारली ती त्यांना ऐकूच आली नाही.

पांढरीच्या शोरूममध्ये अंगद दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. भगवानराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि हात जोडले. सगळं शोरूम बघायला लागलं.

"मालक, मी शब्द मोडतो," ते म्हणाले. "उभ्या जन्मात मोडला न्हाई. पण पोरीला दुसरी आवडली. तुमी मला काय बोलायचं ते बोला. इसार ठिवून घ्या, नुकसानी सांगा, मी भरतो. पण मला मोकळं करा."

अंगदनं आजूबाजूला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ गोंधळ होता. "कसला इसार, काका?"

"मघा दिला की. तुमच्या मुठीत."

"ते एकशे एक?" अंगद कळवळला. "आवं काका, मला वाटलं तुमी खुशीनं चहापाण्याला दिले! त्याचाच तर चहा मागवला आमी. तुमीबी घेतला की!"

भगवानरावांचे जोडलेले हात खाली आले.

"बुकिंग येगळं असतंय," अंगद त्यांना खुर्चीत बसवत म्हणाला. एवढा वेळ सांभाळलेली शहरी भाषा त्यानं कधीच सोडून दिली होती. "त्याची पावती असती, सही असती. आन बुकिंग केलं तरी मानूस फिरतोच की. रोज दोन-चार फिरत्यात. फॉर्म भरायचा, सात दिवसांत पैसे खात्यावर परत. त्यात काय एवढं? डोक्याला घाला तो पटका, काका. मला कसंतरी होतंय."

"सात दिवसांत परत?" भगवानरावांनी विचारलं.

"सात न्हाईतर धा."

सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्या गोष्टीपायी आपण तोंड मिटून चपला घातल्या ती गोष्ट जगात लोक एका कागदावर परत करतात, आणि समोरचा उलट आपल्यालाच खुर्ची देतो, हे त्यांना सहन होईना. ते उठले आणि वळले. दारात शिवकन्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बाहेर लिंबाखाली रसवंती होती. दोघं तिथल्या बाकड्यावर बसली. शिवकन्याला आधी हसू येत होतं. "आप्पा, येवढं काय त्यात? मला सांगायचं की. मी पांढरी घेतली असती."

"म्हणून तर सांगितलं न्हाई," भगवानराव म्हणाले. आणि मग तिच्या उजव्या कानाच्या बाजूला सरकून बसले, आणि सांगितलं. कपबशी सांगितली, आईचं हसणं सांगितलं, चपला सांगितल्या. एकही शब्द गाळला नाही.

शिवकन्याच्या हातातला रसाचा ग्लास तसाच राहिला. बर्फ विरघळून गेला.

"दिसलंतं तुमाला," शेवटी ती म्हणाली.

"हां."

"धा वर्षं मी सोताला सांगतेय, आप्पासारख्या मानसाला कळलं न्हाई, मग मला कुठून कळणार? यावर मी उभी राहिले, आप्पा. यावर. आन तुमाला दिसलंतं."

"हां."

"मग कावून बोलला न्हाईत?"

"सुपारी फुटलती."

"सुपारीपायी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला तशी रसवंतीवाल्यानं मान वर केली. "एका सुपारीपायी, आप्पा?"

लेक पहिल्यांदाच त्यांच्यावर रागावली होती आणि भगवानराव खाली मान घालून तो राग अंगावर घेत बसले. माफी मागावी असं दोनदा ओठांवर आलं. पण माफी फार लहान वाटली म्हणून गिळली. शिवकन्या रडली नाही. रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले, एक एसटी गेली. मग ती उठली, रसाचे पैसे दिले, आणि चार पावलं जाऊन थांबली.

"चला," ती मागं न बघता म्हणाली. "तुमी संगं पायजे."

निळीच्या शोरूममध्ये ती सरळ गाडीपाशी गेली. तिथला माणूस लगबगीनं कागद घेऊन आला. तिनं त्याला हातानं थांबवलं आणि बापाकडं वळली.

"आता बघा. काय खोड दिसत आसंल तर आत्ता सांगा. चार मानसांत सांगा. शब्द जायच्या आधी."

भगवानराव निळ्या गाडीभोवती फिरले. नजर दहा वर्षांत पहिल्यांदा जागेवर आली होती. ते मागच्या काचेपाशी थांबले, खाली वाकले, पुन्हा उभे राहिले.

"मागची काच बारीक हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "घाटात उलटी घ्यायची येळ आली तर मागचं धड दिसायचं न्हाई."

"सर, त्याला कॅमेरा आहे," तो माणूस म्हणाला.

"त्यांला बोलू द्या," शिवकन्या म्हणाली. "आन?"

"बसायला खाली हाय. तुझी आई बसंल, पर उठवायला दोघं लागतील. आन आपल्या शेताच्या वाटंला पोट घासणार."

"आन?"

भगवानरावांनी बॉनेटवर हात ठेवला. गार, गुळगुळीत पत्रा. आत काय आहे ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. "आन हिच्या आतलं मला काय कळत न्हाई, बाई. आत काय निघंल, म्या सांगू शकत न्हाई."

एवढं बोलायला त्यांना जन्म लागला होता. शिवकन्या त्यांच्याकडं बघत राहिली. राग गेला नव्हता, इतक्या लवकर जाणारही नव्हता, पण ती त्यांच्याकडं बघत होती.

"मग घेऊ का नको?" तिनं विचारलं.

"तुला आवडली का?"

"लई."

"मग घे," भगवानराव म्हणाले. "आन घेतल्यावर नकोशी झाली तर मागं आणू. आठ दिवसांत म्हण, आठ महिन्यांत म्हण. एकटी येऊ नको. मी येतो संगं."

त्या माणसानं कागद पुढं केला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. शिवकन्यानं पेन घेतला, पण बराच वेळ तिला ती जागा दिसेना.